मारबत घेऊन गेली ते नाटक

मी एक नाटक लिहिलं होतं असं सांगितलं, की लोक माझ्याकडे तलावात मगर पाहिली म्हणणाऱ्याकडे बघावं तसे बघतात. मगर मी खरंच पाहिली आहे, पण तो विषय वेगळा. नाटकही खरंच होतं. तीन अंकी होतं. त्यात एक खून होता, एक चुकून झालेला खून होता, गाणी होती, आणि शेवटी आईला हरवलेला लेक सापडतानाचा असा प्रवेश होता की तो टाइप करताना माझेच अश्रू कीबोर्डात गेले आणि पुढे काही दिवस 'ळ' उमटेना. 'गाळात रुतलं कुंकू' हे नाटकाचं नाव. तेव्हा अडचण केवढी झाली असेल ते बघा.

आज त्या नाटकाचं नाव तेवढं शिल्लक आहे. बाकीचं हरवलेलं नाही. ते कुठे आहे हे मला नक्की माहीत आहे. तिथे जाता येत नाही, एवढंच.

आधी माझा धंदा सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी प्रॉम्प्टर. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते, भाजीची नाही, जत्रेसारखी, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. आज या गावात, उद्या त्या गावात. इकडे धान कापणीला आलेलं, तिकडे घर पाहुण्यांनी भरलेलं. अशात संवाद पाठ करायला सवड कोणाला? म्हणून आमच्याकडे नट पाठ करतच नाहीत. स्टेजच्या पुढे एक खड्डा असतो, त्यात पेटीवाला, तबलेवाला बसतात, आणि त्यांच्या बाजूला पुस्तक उघडून प्रॉम्प्टर बसतो. तो वाक्य हळू म्हणतो, नट तेच वाक्य गर्जून म्हणतो. प्रेक्षकांना दोन्ही ऐकू येतं आणि कोणाला त्यात वावगं वाटत नाही. देवळात आधी पुजारी बोलतो, मग लोक बोलतात, तसंच हे.

या कामात माझा हात धरणारा पंचक्रोशीत नव्हता. नट माझ्या आवाजाला इतके बांधले गेले होते, की एकदा कोंढ्याला ऐन रंगलेल्या प्रवेशात मला ठसका लागला, तर नायक खोकला, नायिका खोकली, आणि खलनायकाची एंट्री व्हायची होती तो विंगेतून खोकला. लोकांना वाटलं क्षयाचं नाटक आहे. बाया पदराला डोळे पुसत घरी गेल्या, आणि पुढच्या वर्षी त्या गावानं निरोप धाडला, तेच खोकल्यावालं नाटक पाहिजे म्हणून. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा काही जण म्हणाले की आता तिकडच्या मंडळ्या तिकडचा प्रॉम्प्टर ठेवतील. पण माझा आवाज जिल्ह्याची हद्द पाहून थांबणाऱ्यातला नव्हता. वारा नीट असला तर मी आमच्या आसगावात पान उलटावं आणि साकोलीपलीकडच्या स्टेजवर राजानं तलवार उपसावी.

एकच गोष्ट होती. नाटकाच्या दिवशी सकाळपासून भोंगा लावलेली जीप फिरते. ती नायकाचं नाव घेते, नायिकेचं घेते, नर्तकीचं तर दोनदा घेते. पडदेवाला, लाइटवाला, मंडपवाला, सगळे भोंग्यावर येतात. प्रॉम्प्टर येत नाही. मला ते पटायचं. खड्ड्यातल्या माणसाचं नाव घेतलं तर लोक खड्ड्यात बघतील आणि नाटक कोण पाहील? पण आमच्या आईला पटायचं नाही. तिचे कान गेलेले. घरात भांडं पडलं तरी तिला कळत नसे. एक भोंगा तेवढा तिला ऐकू यायचा, आणि जीप आली की ती ओट्यावर येऊन बसायची.

"तुयं नाव काहून नाही घेत गा हे?" दर वर्षी विचारायची.

"माझं नाव लहान आहे, आई. वाऱ्यात उडून जाते."

"मंग मोठं कर."

लेखकाचं नाव भोंगा घेतो. तेही सगळ्यात आधी. म्हणून मी लेखक झालो. साहित्याची सेवा वगैरे म्हणायला मला आवडलं असतं, पण खरं कारण ते होतं: बहिऱ्या आईला ऐकू येईल असं माझं नाव, एकदा.

लिहायला कॉम्प्युटर होता. आमच्याकडच्याच शहापूरला राहणाऱ्या माझ्या साळ्यानं तो आणून दिला होता, कुठल्याशा ऑफिसनं मोडीत काढलेला. साळ्याचं गाव हायवेवर असल्यामुळं त्याला जगातलं सगळं कळतं, अशी आमच्या घरात समजूत होती. हायवेवरून जाणारी प्रत्येक गाडी त्याला काहीतरी सांगून जात असावी. मशीन धानाच्या पोत्यांशेजारी ठेवली. सुरू केली की घरातले दिवे मंद व्हायचे आणि शेजारच्यांची कोंबडी अंड्यावरून उठायची, इतका तिचा पंखा वाजायचा.

साळा म्हणाला, "भाऊजी, नाटक मशिनीत ठेवू नका. मशीन कवाबी मरते. मेलमध्ये लिवा. मेल मरत नाही."

तसं मी मेलमध्ये लिहू लागलो. एका बोटानं. स्वतःच स्वतःला पाठवायचं पत्र, जे कधी पाठवायचं नाही, त्यात नाटक वाढत गेलं. आधी कागदावर खरडलं होतं, पण आमच्या नाट्यमंडळाचे अध्यक्ष कागदाला फार भीत. अध्यक्षांची धानगिरणी होती आणि मंडळात खलनायकाची कामं तेच करत, त्यामुळे चोरी, दगा, विश्वासघात यांचा त्यांना दोन्ही बाजूंनी अनुभव. ते म्हणाले, "कागद ठेवू नको. गेल्या साली त्या वडशाकडच्या नाटक कंपनीनं आपलं गाणं उचललं. नाटक उचलाले किती वेळ लागते?" मी कागद न्हाणीच्या चुलीत घातले. त्यावर पाणी तापलं, त्या पाण्यानं मी आंघोळ केली. नाटक अंगाला लागलं ते तेवढंच.

मेलचा पासवर्ड साळ्यासमोर बसून मी ठेवला. काय ठेवायचं याचा खूप विचार केला हे आठवतं. विचार आठवतो, पासवर्ड आठवत नाही. तो टाइप केला आणि मशिनीनं वरून एक पाटी सोडली: पासवर्ड लक्षात ठेवू का?

वाचणाऱ्याला यात काही विशेष वाटणार नाही. पण ज्यानं जन्मभर दुसऱ्यांचं लक्षात ठेवलं, राजाचं, भिकाऱ्याचं, पोलीस पाटलाचं, त्याला असं आजवर कोणी विचारलं नव्हतं. मला प्रॉम्प्टर मिळाला होता. मी 'हो' दाबलं, आणि आमच्या नटांसारखाच निश्चिंत झालो.

त्यानंतर मेलचं पान उघडलं की माझं नाव आणि त्याखाली काळ्या ठिपक्यांची रांग आपोआप भरलेली असायची, मुंग्या गुळाकडे निघाल्यासारखी. मी फक्त बटण दाबायचो. पुढे पुढे पासवर्ड मला तोंडपाठ झाला. ठिपका, ठिपका, ठिपका, असा शेवटपर्यंत.

आखाडात नाटक पुरं झालं. मंडळी आमच्या घरी आली, पोत्यांवर बसली, आणि मी स्क्रीनवरून वाचलं. शेवटच्या प्रवेशाला अध्यक्ष उठून अंगणात गेले. ते रडायला गेले असं मी म्हणतो. बायको म्हणते, थुंकायला गेले. पण खलनायकाचं एक वाक्य त्यांनी माझ्याकडून परत परत वाचून घेतलं, ओठातल्या ओठात घोळवलं आणि म्हणाले, "हे वाक्य मायं. या मंडईले हेच नाटक. जीपवर पहिलं नाव तुयं."

मी आईच्या कानाशी ओरडून सांगितलं. तिला ऐकू गेलं नाही. म्हटलं, राहू दे, भोंगाच सांगेल.

मग पोळा आला. पोळ्याला साळा येतोच. बैल त्याच्याकडे नाहीत, पण पुरणपोळीवर त्याची श्रद्धा आहे. पोळ्याचा दुसरा दिवस आमच्याकडे मारबतीचा. त्या दिवशी पहाटे घरातला टाकाऊ माल, फुटकी टोपली, झिजलेला खराटा, घेऊन सगळे शिवेवर जातात आणि ओरडतात, 'खासी-खोकला घेऊन जा गे मारबत', 'इडा-पिडा घेऊन जा गे मारबत'. मारबत सगळं घेऊन जाते आणि गाव वर्षभरासाठी हलकं होतं. त्या साली मी इतका ओरडलो की शेजारच्या गावाची इडा-पिडाही निघून गेली असेल.

शिवेवरून आलो, चहा झाला, आणि साळा मशिनीपुढे बसला.

"भाऊजी, हे लगित हळू चालून राहिली."

"म्हातारी झाली."

"म्हातारी नाही झाली. कचरा भरला पोटात. आज दिवस चांगला आहे, इचीबी मारबत काढून टाकू."

सगळ्यांना ती कल्पना फार आवडली. बायको हातातलं काम टाकून आली. आई दारात उभी राहिली. साळ्यानं कुठेतरी दाबलं आणि एक पाटी आली, काय काय साफ करायचं याची, प्रत्येकापुढे एक छोटी चौकट. तो खूण करत गेला आणि आम्ही मागून ओरडत गेलो. जुनी पानं, घेऊन जा गे मारबत. जुनी चित्रं, घेऊन जा गे मारबत. आईला काय चाललंय ते कळत नव्हतं, पण आमची तोंडं पाहून तिनंही हात वर केला. एका चौकटीपुढे 'पासवर्ड' असं काहीतरी होतं. ते मी वाचलंसुद्धा. मी वाचतोच, समोर आलेलं वाचणं हा माझा धंदा आहे, त्याचा अर्थ लावणं हे नटाचं काम. साळ्यानं तिथेही खूण केली.

मशीन खरंच हलकी झाली. पंखा असा फिरू लागला की वाटलं, खोली पोत्यांसकट उडून नागपूरला उतरते. साळा पोळी बांधून घेऊन गेला.

संध्याकाळी दुसऱ्या अंकात एक स्वल्पविराम घालायचा म्हणून मेल उघडला. दोन्ही घरं रिकामी. नाव नाही, ठिपके नाहीत. वर लिहिलेलं: स्वागत आहे. जिथे रोज जेवतो त्या घरानं दार उघडून 'आपण कोण' म्हणावं, तसं.

साळ्याला फोन लावला. तो म्हणाला, "घाबरू नका. उजव्या कोपऱ्यात तीन ठिपके आहेत का?"

"आहेत. हेच का माझे?"

"ते नाही. ते दाबा. आता सेटिंग. आता पासवर्ड लिहिलं असंल तिथी जा. मशिनीनं जमवलेले सगळे पासवर्ड तिथी राहतात."

गेलो. पांढरं पान. मध्ये लिहिलं होतं की जतन केलेले पासवर्ड इथे दिसतील. ते 'दिसतील' मी अजून विसरलेलो नाही. असा आशावादी शब्द मी कुठल्या नाटकात वाचला नाही.

"काही नाही इथी," मी म्हणालो.

पलीकडून साळा म्हणाला, "तिथी बाजूले एक लहानसा डोळा राहत होता, भाऊजी. तो दाबला की ठिपक्याच्या जागी अक्षरं दिसत. कवाबी पाहता आलं असतं."

"हे तू आता सांगून राहिला?"

"तुमी इचारलं कुठी? मले वाटलं तुमाले पाठ असंल. तुमी तर प्रॉम्प्टर."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. म्हणून जास्त लागलं.

मग अंदाज सुरू झाले. बैलांची नावं टाकली, आत्ताच्या आणि गेलेल्या. तलावाचं नाव, देवीचं नाव, पहिल्या नाटकातल्या राजाचं नाव. मशीन प्रत्येकाला त्याच सभ्यपणे नाही म्हणत होती. बायको मागे उभी.

"माहं नाव टाकलं का?"

"टाकलं."

"मंग?"

"नाही लागलं."

"नाही लागलं का टाकलंच नाही?"

टाकलं होतं, देवाशपथ. पण लागलं नाही, हे टाकलं नाही यापेक्षाही वाईट आहे हे मला बोलल्यावर कळलं. ती म्हणाली, "लागंल कसं. नाटकातल्या बायकांची टाकून पाहा." आणि आत गेली. त्या दिवशीची भाजी अशी तिखट झाली की गल्लीतली कुत्री शिंकत होती. मशिनीनंही हात टेकले आणि लिहिलं, फार प्रयत्न झाले, नंतर या.

नंतर गेलो. खाली बारीक अक्षरात एक वाट होती: पासवर्ड विसरलात? आपल्या मोबाइलवर आकडा पाठवतो. मोबाइलच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे दाखवले होते, बाकी तिथेही ठिपके. पण शेवटचे दोन मी ओळखले. तो माझा जुना नंबर. तो फोन मी बैल धूत असताना तलावात पडला होता, आणि मी बाजारातून नवा फोन आणि नवा नंबर आणला होता. जुना नंबर मासोळ्यांकडे आहे, अशी माझी समजूत.

तरी नव्या फोनवरून माझाच जुना नंबर लावला. रिंग गेली. तलावातून कोण उचलतं ते बघू म्हटलं.

"हॅलो? कोन बोलतंय?" एका बाईचा आवाज. बोली आमच्या भागाची नव्हती. खाली सातारा-कोल्हापूरकडची असावी.

"ताई, नमस्कार. मी तुमच्या नंबरचा जुना मालक बोलून राहिलो."

"कुणाचा मालक?"

"नंबरचा. हा नंबर आधी माझा होता."

"बरं मग? परत पायजे का?"

"नाही नाही, नंबर तुमच्याजवळ सुखानं नांदू द्या. आत्ता मी एक बटण दाबतो. तुमच्या फोनवर आकडा येईल. तेवढा सांगा."

मी बटण दाबलं. थोडा वेळ नुसता तिच्या घरातल्या कुकरचा आवाज येत होता.

"आलाय," ती म्हणाली.

माझं सगळं नाटक, खून, गाणी, आई, लेक, त्या एका बाईच्या तळहातावर होतं.

"सांगा, ताई."

"न्हाई सांगत. फोन लावायला गेलं की रोज एक बाई सांगती, असला आकडा कुणाला सांगू नगा. तुमच्यासारख्यांपायीच सांगती ती."

"मी चोर नाही, ताई. मी नाटककार आहे."

"फरक काय त्यात?"

मी तिला सगळं सांगितलं. मारबत सांगितली, साळा सांगितला, आई सांगितली. ती ऐकत होती. मग म्हणाली, "नाटक कशाचं हाय ते तरी सांगा. तुमचं असंल तर कळंल."

मी खुर्चीत सरळ बसलो. इतकी सोपी परीक्षा. मी पहिला अंक सांगितला. मन लावून सांगितला. तलावाकाठी नवरी उतरते, पूर येतो, पाळण्यातलं पोर वाहून जातं. तिकडून "सुनबाई, ग्यास बारीक कर गं" असं ऐकू आलं, म्हणजे गाडी रुळावर होती. पहिला अंक संपला.

"अगं बाई. मग त्या नवरीचं काय झालं?"

मी तोंड उघडलं. दुसऱ्या अंकाची सुरुवात. पडदा वर जातो. आणि वर गेलेल्या पडद्यामागे काहीच नव्हतं. एक बाई उभी होती, ती काय बोलते ते मला आठवेना. जन्मभर मी वाक्य पुस्तकातून उचललं, नटाच्या तोंडात ठेवलं आणि हात झटकले. डोक्यात ठेवायची मला सवयच नव्हती. मी लिहिलेलंही मी तसंच लिहिलं होतं.

"ते... ते मेलमध्ये आहे, ताई."

"आपल्या हातानं लिवलं म्हंता, आन् आपल्यालाच ठावं न्हाई?"

"आमच्याकडे पाठ नाही करत."

"असं व्हय," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी मऊ झाला होता, जसा फसवणाऱ्याला पकडल्यावर होतो. "मग आकडाबी आमाला पाठ न्हाई."

फोन बंद. पुन्हा लावला तर व्यस्त. दुसऱ्या दिवशी व्यस्त. तिसऱ्या दिवशी मला समजलं की माझा स्वतःचा नंबर मला आयुष्यभर व्यस्त लागणार आहे. तिला दोष देत नाही. तिच्या जागी मी असतो तर पहिल्या अंकालाच फोन ठेवला असता. मशिनीनंही आकडे पाठवणं थांबवलं. तिचं म्हणणं, हे खातं तुमचंच आहे याची आम्हाला खात्री पटत नाही. तोवर मलाही फारशी उरली नव्हती.

अध्यक्षांना सांगायला गिरणीत गेलो. ते पट्ट्यावर तेल घालत होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आठवून लिही. तूच लेखक ना?"

बसलो आठवून लिहायला. बोट चालू लागलं तसं मला वाटलं, जमतंय. धो-धो येत होतं. एका बैठकीत मी एवढं लिहिलं की कीबोर्ड तापला आणि त्यावर बायकोनं पापड वाळवले. अध्यक्षांना वाचून दाखवलं.

"हे आपण गेल्या साली केलं," ते म्हणाले.

"बरं, हे?"

"हे त्याच्या आदल्या साली. राजाची तलवार दुसऱ्या नाटकातली. हे रडणं तिसऱ्यातलं. अन् हा खोकला काहून आहे इथी?"

माझ्या डोक्यात दुसऱ्यांची नाटकं पोत्यांसारखी थप्पी लावून होती. माझं एक खाली कुठेतरी दबलेलं. मग मंडळींना गोळा केलं. आखाडात ऐकलं ते ज्याला आठवेल त्यानं सांगा. नायकाला आठवलं की तो उजवीकडून येतो. नायिकेला आठवलं की ती पडते, पण कशावर ते नाही. तबलेवाल्याला तिन्ही अंकांचे ठेके मात्रेसकट पाठ होते, शब्द एकही नाही. तो वाजवत राहिला आणि आम्ही ऐकत राहिलो. माझं नाटक सगळं त्यात होतं.

दिवाळी झाली. मंडई आली. अध्यक्षांनी जुनं नाटक काढलं, खूपदा केलेलं, पुस्तकाची पानं तेलकट झालेलं. पुस्तक माझ्या हातात दिलं. मी घेतलं.

नाटकाच्या दिवशी दुपारी गिरणीत शेवटची तालीम होती. गिरणी बंद, कोंड्याची धूळ उन्हाच्या पट्ट्यांत तरंगत होती. खड्डा नव्हता म्हणून मी पोत्यावर बसलो होतो. अध्यक्ष सावकार झाले होते, नायिका हात जोडून त्यांच्यापुढे उभी होती. मी पुस्तकातून सांगितलं, "चल, निघ इथून."

अध्यक्षांनी ते म्हटलं नाही. ते दारापर्यंत गेले, वळले आणि म्हणाले, "माझ्या घराला कुलूप नाही. ज्याच्या भीतीनं गाव कुलूप लावतं, तो घरातच असतो."

मी सवयीनं पुस्तकात बोट फिरवलं. ते त्यात नव्हतं. ते माझं होतं.

सगळ्यांनी ओळखलं. तबलेवाल्यानं हात उचलून धरला. नायिका जोडलेले हात सोडायला विसरली. अध्यक्ष स्वतःच दचकले होते; एवढे महिने ते वाक्य नकळत ओठाखाली धरून असावेत आणि आता ते सुटलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नट प्रॉम्प्टरकडे जसा पाहतो, पुढच्या वाक्यासाठी, तसं. मला कळलं ते काय म्हणतायत. पुढचं एक वाक्य मिळालं, तर त्याला धरून त्याच्या पुढचं येईल, विहिरीतून दोरानं बादली यावी तसं सगळं वर येईल. तुझं नाटक आहे. सांग.

बाहेर रस्त्यावरून जीप चालली होती. भोंग्यानं जुन्या नाटकाच्या लेखकाचं नाव घेतलं, मग नायकाचं घेतलं. आमचा ओटा त्याच रस्त्यावर आहे.

माझे ओठ हलले. ते हलतातच, त्यांना तेवढंच येतं. आवाज आला नाही.

जीप दूर गेली. अध्यक्षांनी डोक्यावरची सावकाराची पगडी काढली, झटकली, पुन्हा घातली.

"जाऊ दे गा," ते हळू म्हणाले. "जुन्यातलंच सांग."

मी पुस्तकात बोट ठेवलं. "चल, निघ इथून," मी म्हणालो.

"चल, निघ इथून," ते गरजले.